जीभ वळते, कान वळत नाही

जुलैमध्ये आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये नवे खजिनदार बोलायला उभे राहिले. मूळचे कानपूरचे, मुंबईत वीस-बावीस वर्षं झालेली, आणि समोरचा हिंदीवर घसरला तरी स्वतः हट्टाने मराठीच बोलणारे. म्हणाले, "दोन दिवस सगल्यांच्या नलाला गाल येतोय." मागच्या खुर्च्यांवर खसखस पिकली. टाकी साफ करण्याच्या विषयात हसण्यासारखं काय आहे, हे त्यांना काही केल्या कळेना.

नंतर लिफ्टपाशी तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "एवढी वर्षं झाली, तरी जीभ म्हणून वळत नाही हो त्यांची." त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला: सातव्या वर्षी मेंदूतली भाषेची खिडकी कायमची बंद होते. खाली एका क्लासची जाहिरात आणि फीचा तक्ता.

फॉरवर्डचं नंतर बघू. आधी काकूंचं निदान, कारण ते सगळेच करतात आणि ते चुकीचं आहे.

'ळ' म्हणताना जिभेचा शेंडा मागे वळतो, टाळूला टेकतो आणि झटक्यात पुढे येऊन खाली आपटतो. हे चाललेलं असताना हवा जिभेच्या कडांनी निसटते. आता हिंदीतलं 'सड़क' किंवा 'लड़का' म्हणून पाहा. मागे वळणं, टेकणं, आपटणं, सगळी कसरत तीच; फक्त कडांनी हवा सुटत नाही. आणि कडांनी हवा सोडायची कशी, हे 'ल' म्हणणाऱ्या प्रत्येकाला येतं. म्हणजे 'ळ'चे दोन्ही सुटे भाग खजिनदारांनी कानपूरहून येतानाच सोबत आणले होते. या दोन ध्वनींचं नातं तसं फार जुनं. ऋग्वेदाची सुरुवातच 'अग्निमीळे' अशी आहे, आणि त्यातला 'ईळे' म्हणजे मुळातला 'ईडे'. दोन स्वरांच्या मध्ये सापडल्यामुळे तिथे 'ड'चा 'ळ' झाला आहे.

जीभ निर्दोष असेल, तर अडतं कुठे? एका रविवारी खजिनदारांच्या परवानगीने मी एक खेळ केला. जीभ दिसू नये म्हणून तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं, आणि दर वेळी नाणं उडवून छापा आला तर 'काल', काटा आला तर 'काळ', असं वीस वेळा म्हटलं. त्यांनी कागदावर खुणा केल्या. वीसपैकी अकरा बरोबर. कान बंद करून नुसत्या अंदाजाने खुणा केल्या असत्या, तरी दहाच्या आसपास आल्या असत्या. कागद परत देताना त्यांनी विचारलं, "खरंच वेगवेगलं बोलत होता का तुम्ही?"

हा प्रश्न मला फार आवडला. कारण फरक होता, हवेतून त्यांच्या कानाच्या पडद्यापर्यंत पोचतही होता. मग तो हरवला कुठे?

त्यासाठी हा फरक हवेत नेमका कशाच्या रूपाने असतो, ते पाहावं लागेल. स्वरयंत्रापासून ओठांपर्यंत मोठ्या माणसाच्या तोंडात साधारण १७ सेंटिमीटरची नळी असते, स्वरयंत्रापाशी बंद आणि ओठांपाशी उघडी. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती आपल्या आकाराप्रमाणे ठरावीक सूर काढते. तशी ही नळीही काही ठरावीक कंपनांना उचलून धरते. त्या कंपनांपाशी आवाज जोरकस होतो, त्यांना शिखरं म्हणू. जीभ मोकळी सोडून नुसतं 'अ' म्हटलं, तर ती शिखरं साधारण ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झला येतात. जीभ हलली की नळीचा आकार बदलतो आणि शिखरं सरकतात. 'आ', 'ई', 'ऊ' यांतला फरक मुख्यतः पहिल्या दोन शिखरांच्या जागांचा असतो.

आपला 'ळ' राहतो तिसऱ्या शिखरात. जिभेचा शेंडा मागे वळला की जिभेच्या पुढे आणि खाली एक जादा पोकळी तयार होते, आणि तिसरं शिखर घसरून दुसऱ्याच्या जवळ येऊ लागतं. 'ल'ला ते वर असतं तिथेच राहतं. गंमत अशी की, ही घसरण 'ळ'च्या आधीच्या स्वरातच सुरू होते. 'काळ' म्हणताना 'का' संपायच्या आत खूण पडलेली असते; पुढचा 'ळ' सेकंदाच्या काही शतांशांत आपटून संपतोही. 'ळ' ओळखायला मागे स्वर लागतो तो यासाठी. आता 'ळ'ने सुरू होणारा मराठी शब्द आठवून पाहा. 'ण'ने सुरू होणारा? सापडणार नाही. शब्दाच्या तोंडाशी मागे स्वरच नाही, तर खूण उमटणार कशावर? ('ट' आणि 'ड' शब्दारंभी येतात, हे खरं. पण त्यांच्यात कोंडलेली हवा फुटून सुटते, तिची वेगळी खूण पुढच्या बाजूला पडते.) शाळेत वर्णमाला घोकताना हे कुणी सांगितलं असतं, तर मी व्याकरणाच्या तासाला झोपलो नसतो.

ही बारीक खूण तान्ह्या बाळाला ऐकू येते का? 'ल-ळ'ऐवजी 'त-ट' घेऊन हा प्रश्न कॅनडात विचारला गेला. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. आवाज बदलला की बाजूच्या खोक्यात दिवा लागून खेळणं हलायचं. बाळ हे लवकर शिकतं, आणि फरक ऐकू आला की खेळणं हलायच्या आधीच मान वळवतं. सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं मान वळवत होती. दहा ते बारा महिन्यांच्या वयात जवळजवळ कुणी वळवेना. त्याच वयाची हिंदी घरांतली बाळं मात्र वळवत होती.

चार महिन्यांत कान बिघडत नाही. बाळ शिकत असतं, आणि शिकतं ते दुर्लक्ष करायला. एकच शब्द आई, आजी, शेजारीण प्रत्येक वेळी थोडा वेगळा उच्चारतात. त्यातले कुठले फरक अर्थ बदलतात आणि कुठले सोडून द्यायचे, हे ठरल्याशिवाय भाषा सुरूच होत नाही. मेंदू कपाटात खण पाडतो. कानपूरच्या कपाटात 'ल'चा एकच ऐसपैस खण असतो.

आणि इथे ती गोष्ट येते जिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडलेला नियम ढोबळपणे असा: ज्या चेतापेशी एकत्र उद्दीपित होतात, त्यांची जोडणी घट्ट होते. 'र' आणि 'ल' वेगळे न ऐकू येणाऱ्या जपानी माणसांच्या बाबतीत जेम्स मॅकक्लेलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच नियम उलट्या बाजूने वाचला. कानावर 'र' पडो की 'ल', जुना एकच खण उघडतो. तो उघडला की हेबच्या नियमानुसार पुढच्या वेळी आणखी सहज उघडतो. म्हणजे खजिनदारांनी वीस वर्षं लोकलमध्ये, बाजारात, मीटिंगमध्ये हजारो वेळा 'ळ' ऐकला, आणि दर वेळी त्यांचा 'ल'च पक्का होत गेला. पाण्यात पडलं की पोहता येतं, असं आपण भाषेबद्दल सरसकट म्हणतो. शब्दांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. ध्वनीच्या बाबतीत नुसतं पाण्यात पडून बुडण्याचाच सराव होऊ शकतो.

यातून वाट काढता येते, हे त्याच जपानी कानांवर दिसलं आहे. (इंग्रजी 'र'लाही तिसरं शिखरच खाली येतं, हा आमच्या 'ळ'चा दूरचा नातेवाईक.) १९९१ मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी 'रॉक-लॉक'सारख्या शब्दजोड्या अनेक वेगवेगळ्या माणसांच्या आवाजांत ऐकवल्या, आणि प्रत्येक उत्तरानंतर लगेच चूक की बरोबर ते सांगितलं. काही आठवड्यांत ओळख सुधारली, न ऐकलेल्या नव्या शब्दांतही. एकाच माणसाचा आवाज ऐकवला, तर लोक त्या माणसापुरतंच शिकतात, असं नंतर दिसलं. ते पटतं: प्रत्येकाच्या नळीची लांबी वेगळी, म्हणून शिखरांचे आकडेही वेगळे, सगळ्यांत समान असते ती फक्त घसरण, आणि ती अनेक आवाजांतूनच गाळून निघते. १९९७ च्या अभ्यासात तर बोलण्याचा सराव अजिबात न देता, नुसत्या ऐकण्याच्या सरावाने, त्या लोकांचे उच्चारही सुधारले. काकूंनी हे जरूर वाचावं.

मॅकक्लेलंडच्या गटाने आणखी एक युक्ती वापरली. सुरुवातीला फरक मुद्दाम ताणून, अतिशयोक्त करून ऐकवायचा, म्हणजे जुना खण उघडतच नाही. मग हळूहळू तो नेहमीच्या मापावर आणायचा.

आता त्या खिडकीबद्दल. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नेदरलँड्समध्ये राहायला आलेली इंग्रजी भाषक माणसं डच कशी शिकतात ते तपासलं होतं. पहिल्या काही महिन्यांत किशोरवयीन मुलं आणि प्रौढ सर्वांत वेगाने पुढे गेले. तीन ते पाच वर्षांची पोरं सर्वांत मागे होती. २०१८ मध्ये सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या इंग्रजी व्याकरणाच्या चाचणीवरून असा अंदाज निघाला की, व्याकरण शिकण्याची क्षमता साधारण सतरा-अठरा वर्षांपर्यंत फारशी उतरत नाही. थेट त्या भाषेत जन्मल्यासारखं बोलायचं, तर दहा-बारा वर्षांच्या आत सुरुवात केलेली बरी, हेही त्यातच होतं. सातव्या वर्षाचा त्यात कुठे पत्ता नाही, आणि शब्दसंपत्ती तर माणूस म्हातारपणापर्यंत वाढवत राहतो.

खिडकीची भीती दाखवून विकलेल्या मालाची यादी मोठी आहे. वाचा स्पष्ट व्हावी म्हणून वेखंड उगाळून चाटवणाऱ्या आजीला तरी त्याचे पैसे मिळत नव्हते. गर्भसंस्काराच्या ध्वनिफिती विकणारे मात्र पोटातल्या बाळाला श्लोक शिकवतात. बाळाला शेवटच्या महिन्यांत आईच्या बोलण्याचा ठेका आणि चढउतार ऐकू येतात, ते खरं. पण पोटाच्या भिंतीतून आणि पाण्यातून वरच्या पट्टीचे आवाज फार दबून जातात. २५०० हर्ट्झवरची आपली ती तिसऱ्या शिखराची भानगड तिथे काय पोचणार? आणि जन्मानंतर टीव्हीसमोर बसवून परदेशी भाषा शिकवणाऱ्यांसाठी: २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा बैठकांत चिनी ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बाळं चिनी ध्वनी शिकली, तेच पडद्यावर दाखवलं तेव्हा काहीच शिकली नाहीत.

आमच्या खजिनदारांनी मनावर घेतलं. मी त्यांना काल-काळ, वेल-वेळ, गाल-गाळ, केले-केळे अशी यादी करून दिली. त्यांनी दूधवाला, भाजीवाली, लिफ्टमन, शाळेतून येणारी पोरं, जो दिसेल त्याच्याकडून ती मोबाइलवर वदवून घेतली. कुणी काय म्हटलं ते मुलगा लिहून ठेवायचा आणि रोज रात्री दहा मिनिटं बापाची परीक्षा घ्यायचा. पहिला आठवडा मी 'काऽऽळ' असं ताणून म्हणून दिलं होतं. महिन्याभराने वर्तमानपत्रामागून पुन्हा वीस शब्द झाले. सतरा बरोबर. घाईत बोलताना ते अजून 'नल' म्हणतात, पण आता मध्येच थांबून जीभ चावतात.

मग त्यांनी माझ्यावर डाव उलटवला. आमची इमारत माटुंग्याची, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावर तमिळ मामी आहेतच. तमिळमध्ये 'वाल' म्हणजे शेपूट, 'वाळ' म्हणजे तलवार, आणि 'वाऴ' म्हणजे जगणं. हा तिसरा ध्वनी लिहायला देवनागरीत 'ळ'खाली टिंब देऊन 'ऴ' करतात; त्यात जीभ मागे वळते, पण टाळूला टेकत नाही. 'तमिऴ' या नावाच्या शेवटी तोच आहे. आपण बिनदिक्कत 'तमिळ' लिहितो. मामी म्हणाल्या, "आमच्यातले पुष्कळ जणसुद्धा हल्ली ळच म्हणतात. मी नाही म्हणत."

मामींनी वर्तमानपत्र धरलं, खजिनदारांनी चिठ्ठ्या उचलून त्यांना दाखवल्या. 'वाल' मी एकदाही चुकलो नाही. उरलेल्या दोघांत चौदापैकी सहा बरोबर आले. मी म्हटलं, मामी, शेवटचे तीन पुन्हा म्हणा. त्यांनी सावकाश, एकेक तोडून म्हटले. मला तिन्ही वेळा 'ळ'च ऐकू आला.