परदेशातलं घरकाम, पासपोर्टवरचा शिक्का आणि तिशीची अट : पार्श्वभूमी

सोलापुरात ‘बाहेर जायचंय’ म्हटलं की पूर्वी पुणं, भिवंडी, फार तर सुरत समजायचं. आता कुंभारीच्या वसाहतीतली किंवा नई जिंदगी भागातली एखादी बाई हेच बोलली, की कुवेत का मस्कत, असं विचारावं लागतं. गेल्या पावसाळ्यात अशीच एक जण माझ्याकडे पासपोर्टचा फॉर्म भरून घ्यायला आली होती. वय सत्तावीस, शाळा सातवीपर्यंत. लहानपणापासून विड्या वळून बोटांच्या रेषा इतक्या झिजलेल्या, की आधारच्या वेळी मशीनवर अंगठा चार वेळा ठेवूनही उमटला नव्हता. तंबाखूचा वास न गेलेल्या त्या हातांनी तिनं मोबाइलवरचा एजंटचा मेसेज दाखवला आणि विचारलं, “ताई, तो म्हणतोय व्हिजिटवर चला, तिथं उतरल्यावर घरकामाचा व्हिसा करून देतो. चालतं का असं?”

चालत नाही. पण सत्तावीस वर्षांच्या, सातवी शिकलेल्या बाईला सरळ मार्गानंही आखातात घरकामाला जाता येत नाही, हे सांगताना माझीच जीभ अडखळते. नियम आला कुठून, हे माहीत असल्याशिवाय तिला काही समजावता येत नाही.

आधी शिक्क्याचं, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी, अशी नोंद येते. बोलण्यात त्याला ईसीआर म्हणतात. जुन्या पासपोर्टांवर याच्या उलट ईसीएनआरचाही, म्हणजे ‘तपासणी नको’ असा, शिक्का असायचा. २००७ पासून तो मारणं बंद झालं, म्हणजे ईसीआरची नोंद नाही तो पासपोर्ट आपोआप ईसीएनआर. लोकांना हे कुणी सांगत नाही. मोठ्या भावाच्या जुन्या पासपोर्टवर शिक्का आहे आणि आपल्यावर नाही, या काळजीनं लोक धावत येतात, आणि ‘ईसीएनआर मारून देतो’ म्हणून पैसे उकळणारे एजंट मी स्वतः पाहिलेत. मारण्यासारखं तिथे काहीच उरलेलं नसतं.

दुसरा गैरसमज असा, की ईसीआर म्हणजे परदेशबंदी. तसंही नाही. ही तपासणी ठरावीक अठरा देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांपुरती आहे. त्यात सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, यूएई हे सगळं आखात येतं, शिवाय मलेशिया, जॉर्डन, लेबनॉन, इराक वगैरे. वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांना किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त काळ परदेशात राहून आलेल्यांना ती लागत नाही. बाकीच्यांनी नोकरीचा करार दाखवून सरकारी मंजुरी घ्यायची आणि मगच विमानात बसायचं.

ही मंजुरी १९८३ च्या उत्प्रवासन (एमिग्रेशन) कायद्यातली. त्याआधी १९२२ चा कायदा होता, तो इंग्रजांनी मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात इमारती आणि रस्ते उभे राहू लागले, लाखो माणसं निघाली आणि जुना कायदा अपुरा पडला. नव्या कायद्याच्या मनातला कामगार मात्र बांधकामावरचा पुरुष होता. दुसऱ्याच्या घरात, बंद दाराआड राबणारी बाई त्यात कुठे दिसत नाही. पुढची बहुतेक गुंतागुंत या एका गोष्टीतून निघाली, असं माझं मत आहे.

बाईचा विचार झाला तो आदेश काढून, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष २००७. त्या वर्षी ठरलं, की ईसीआर पासपोर्टवर या देशांत कामाला जाणाऱ्या बाईचं वय किमान तीस हवं. परिचारिका तेवढ्या वगळल्या. घरकामासाठी करारावर तिथल्या भारतीय दूतावासाची सही, ठरवून दिलेला किमान पगार, बाईजवळ चालू मोबाइल, आणि मालकानं तिला थेट नेमलं असेल तर त्यानं दूतावासात अडीच हजार डॉलरची हमी ठेवायची, अशा अटीही आल्या. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पगार न मिळालेल्या, पासपोर्ट काढून घेतलेल्या, मारहाणीनंतर दूतावासाच्या आसऱ्याला आलेल्या बायकांच्या तक्रारी खऱ्या होत्या आणि आहेत.

पण तीसच का? बाजूनं बोलणारे सांगतात, की कोवळ्या वयाच्या मुलींना फसवणं सोपं असतं, तिशीतली बाई जगाचे टक्केटोणपे खाल्लेली असते. विरोधकांचा सवाल असा, की एकविसाव्या वर्षी दम्मामला गवंडीकामाला जाणाऱ्या मुलाला ही अट का नाही? त्याचाही पासपोर्ट मालकच ठेवून घेतो. मी विरोधकांच्या बाजूची आहे. आमच्याकडे मुलीचं लग्न अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी होतं, पंचविशीत पदरात दोन लेकरं असतात, आणि नवरा आजारी पडला किंवा सोडून गेला तर घराचा सगळा भार त्याच वयात अंगावर येतो. पैशाची गरज सगळ्यात जास्त असते ती वर्षं नेमकी या अटीनं बंद केली.

त्यात त्याच २००७ सालच्या ऑक्टोबरपासून आणखी एक बदल झाला. ईसीआर पासपोर्टवाल्यांना फिरायला किंवा नातेवाइकांकडे जायचं असलं तरी आधी एक तात्पुरती सूट घ्यावी लागायची, बोलीत ‘सस्पेन्शन’. ती काढून टाकली. बदल चांगलाच होता, साध्या माणसाचा हेलपाटा वाचला. पण एका हातानं नोकरीचं दार तिशीपर्यंत बंद झालं आणि दुसऱ्या हातानं व्हिजिट व्हिसाचं दार उघडलं. एजंटला आणखी काय हवं होतं? व्हिजिटवर गेलेल्या बाईचा करार कुठे नोंदलेला नसतो, दूतावासाला ती आल्याचं माहीत नसतं, मंजुरीसोबत मिळणारा दहा लाखांचा ‘प्रवासी भारतीय विमा’ही तिला नसतो. मुदत संपली की ती तिथल्या भाषेत ‘खल्लीवल्ली’, म्हणजे कागदच नसलेली.

हे आपल्याच देशात घडलं असंही नाही. नेपाळनंही आपल्या बायकांवर वेळोवेळी बंदी घातली, तेव्हा त्या उघड्या सीमेवरून भारतात येऊन इथल्या विमानतळांवरून गेल्या. फिलिपिन्सनं २०१८ च्या फेब्रुवारीत कुवेतला माणसं पाठवणं थांबवलं, पण मे महिन्यात लेखी करार पदरात पाडूनच बंदी उठवली. बंदीचा सौद्यासाठी वापर करायचा असतो, हे त्यांना कळलं होतं.

आपल्याकडे हमीच्या रकमेवरून २०१४ मध्ये कुवेतशी वाजलं. भारतानं सातशेवीस दिनारांचा आग्रह धरला, कुवेतनं भारतीय बायकांचे घरकामाचे व्हिसा रोखले, आणि २०१७ मध्ये ती अट मागे घ्यावी लागली. सौदीशी घरकामगारांबाबतचा स्वतंत्र करार २०१४ च्या जानेवारीतला, कुवेतशी समझोता थेट २०२१ च्या जूनमधला. दरम्यान २०१६ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. ईसीआर पासपोर्टवरच्या बायकांची भरती खासगी एजंटाकडून काढून फक्त राज्यांच्या सरकारी संस्थांकडे दिली. केरळ, तमिळनाडू, तेलंगणात अशा संस्था आहेत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाच्या, घरांची निम्मी सोयरीक तेलंगणात, त्यामुळे तिकडच्या चुलत बहिणीकडून माहिती येते. इथल्या बाईच्या दारात मात्र पहिला पोहोचतो तो एजंटच.

आता जिथे जायचं तिथले नियम. आखातातली कफालत, म्हणजे कामगाराचा व्हिसा मालकाशी बांधलेला असण्याची पद्धत, बहुतेकांना ऐकून माहीत आहे, ती पुन्हा सांगत नाही. सांगायला हवं ते व्हिसाच्या प्रकाराचं. कुवेतमध्ये घरकामाचा व्हिसा कलम २० चा आणि कंपनीचा कलम १८ चा. आपले लोक वीस नंबरला ‘खादिम व्हिसा’ म्हणतात. खादिम म्हणजे सेवक. दोन्ही व्हिशांवर माणूस घामच गाळतो, पण अठरावाल्याला कामगार कायदा लागू, वीसवाल्याला नाही. वीसवरून अठरावर जाणं एरवी बंदच. २०२४ मध्ये जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, जेमतेम दोन महिने ते दार किलकिलं केलं होतं. कागदावर ‘कामगार’ लिहिलंय की ‘घरातलं माणूस’, यावर सुटी, तास आणि तक्रारीची जागा ठरते.

घरकामगारांना वेगळे कायदे मिळाले ते गेल्या दहा-बारा वर्षांत. २०११ च्या जूनमध्ये जिनिव्हात घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार, क्रमांक १८९, संमत झाला. भारतानं बाजूनं मत दिलं, पण स्वतःवर बंधनकारक करून घेतला नाही. मग २०१३ मध्ये सौदीचे नियम आले : दिवसाला किमान नऊ तास विश्रांती, आठवड्याला सुटी. कुवेतचा कायदा २०१५ चा, क्रमांक ६८ : कमाल बारा तास काम, वर्षाला तीस दिवस पगारी रजा, आणि पासपोर्ट मालकानं ठेवायचा नाही. कतार आणि यूएईचे पहिले कायदे २०१७ चे. कतारनं २०२० मध्ये देश सोडायला मालकाची परवानगी लागणं बंद केलं आणि २०२१ पासून हजार रियालचा किमान पगार घरकामाला धरून सगळ्यांना लावला. सौदीनं त्याच वर्षी मालक बदलण्याची सवलत आणली, त्यातून घरकामगार मात्र वगळले.

हे वाचून इथली बाई विचारते, “मग आपल्याकडं कायद्यात किती तास लिहिलेत?” महाराष्ट्रानं २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण कामाचे तास त्यात नाहीत. तेव्हा आखाताला नावं ठेवताना मी जरा जपून बोलते.

आखाताबाहेरचं थोडक्यात. सिंगापूरनं १९७८ मध्ये परदेशी मोलकरणींची योजना सुरू केली. आठवड्याची सुटी सक्तीची व्हायला २०१३ उजाडलं, आणि सुटीऐवजी पैसे देऊन पूर्ण महिना राबवून घेणं थांबलं ते २०२३ मध्ये. हाँगकाँगमध्ये नोकरी सुटली की दोन आठवड्यांत तिथून निघायचं, हा १९८७ चा नियम अजून तसाच आहे. ब्रिटननं १९९८ मध्ये मालक बदलायची मुभा दिली, २०१२ मध्ये काढून घेतली, आणि टीका झाल्यावर २०१६ मध्ये परत दिली, पण व्हिशाच्या सहा महिन्यांपुरतीच. सिंगापूर अठरा देशांत नाही, म्हणजे आपल्याकडची मंजुरी नको. पण तेविसाव्या वर्षापासून पुढचं वय आणि आठ वर्षं शाळा, ही त्यांची अट आहे. सातवीला शाळा सुटलेल्या बाईला ते दारही एका इयत्तेनं बंद.

१९८३ चा कायदा बदलायचे मसुदे २०१९ मध्ये आणि २०२१ मध्ये लोकांपुढे ठेवले गेले. तिशीची अट ही आदेशातली. ती काढायला नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

त्या बाईला मी हे सगळं जमेल तसं सांगितलं. व्हिजिटवर जाऊ नकोस, हे तिला पटलं. पण तिनं एक गोष्ट माझ्याआधी हेरली. “म्हणजे दहावी झाले तर शिक्का नाही, आणि शिक्का नाही तर तिशी पण नाही?” बरोबर आहे. दहावीचं प्रमाणपत्र हातात आलं की पासपोर्ट ईसीएनआर होतो आणि सत्तावीसचं वय कुणी विचारत नाही. त्याबरोबर कराराची तपासणी जाते आणि विम्याची सक्तीही जाते, हेही मी तिला सांगितलं. एकोणतीस वर्षांची नववी नापास आणि एकोणतीस वर्षांची दहावी पास, दोघी एकाच घरात भांडी घासतील, पण सरकारच्या लेखी एकीला जाताच येत नाही आणि दुसरीकडे कुणी पाहतच नाही.

जाताना तिनं १७ नंबरच्या फॉर्मची, म्हणजे बाहेरून दहावीला बसायच्या अर्जाची, चौकशी केली. सातवीचा शाळा सोडल्याचा दाखला लागेल म्हटल्यावर हिशोब मांडला : शाळा माहेरी अक्कलकोट तालुक्यात, जाऊन यायला एक दिवस, म्हणजे एका दिवसाच्या विड्या बुडणार. पुढच्या सोमवारी जाते म्हणाली.