फ्लॅट फ्रेमचा दिवा: एकसारखा हवा की स्थिर?

जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला ‘डार्क स्काय पार्क’चा, म्हणजे रात्रीचं अंधारं आकाश जपणाऱ्या जागेचा दर्जा मिळाला. भारतातलं हे पहिलंच. नागपूरकरांच्या हाकेच्या अंतरावर असं आकाश आहे याचा मला मनापासून आनंद आहे. पण दुर्बिणीला कॅमेरा लावणाऱ्या कुणालाही दर शनिवारी पेंच गाठणं जमत नाही. बहुतेकांचे फोटो गच्चीवरूनच निघतात, मग ती धरमपेठेतली असो की मानेवाड्यातली. गच्चीवरचे फोटो बिघडतात ते पुष्कळदा फ्लॅट फ्रेममुळे, म्हणजे दुर्बीण-कॅमेऱ्याचे दोष काढून टाकण्यासाठी दिव्याच्या उजेडात वेगळा घेतलेल्या कोऱ्या फोटोमुळे. ‘फ्लॅटसाठी दिवा कुठलाही चालतो, प्रकाश तेवढा सगळीकडे एकसारखा हवा,’ हा समज सगळीकडे पसरलेला आहे. त्यातला पहिला भाग चूक आहे, आणि दुसऱ्याची धास्ती गरजेपेक्षा जास्त घेतली जाते.

आधी फ्लॅट म्हणजे काय ते बघू. दुर्बिणीतून येणारा प्रकाश सेन्सरच्या मध्यावर पूर्ण पोचतो, कोपऱ्यांकडे कमी होत जातो. फिल्टरवर किंवा सेन्सरच्या काचेवर धुळीचा कण असला की त्याची गोल, पुसट सावली पडते. न्यूटोनियन, म्हणजे दोन आरशांच्या दुर्बिणीत ती मध्ये भोक असलेल्या मेदूवड्यासारखी दिसते, कारण दुय्यम आरशाची आकृतीच तिच्यात उमटते. शिवाय प्रत्येक पिक्सेलची संवेदनशीलता थोडी वेगळी असते. या साऱ्या दोषांचा नकाशा म्हणजे फ्लॅट: समप्रकाशित पांढऱ्या पृष्ठभागाचा फोटो. कॅमेरा न फिरवता, फोकस न हलवता तो काढायचा आणि आकाशाच्या फोटोला त्याने भागायचं. इथे वजाबाकी चालत नाही, भागाकारच लागतो. धुळीचा कण प्रकाशाचा ठरावीक वाटा अडवतो, ठरावीक आकडा नाही.

शहरात हे दुखणं वाढतं ते याच भागाकारामुळे. आकाशातला उजेड ‘प्रतीं’मध्ये मोजतात, आणि प्रतीचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. समजा, एका पुसट तेजोमेघाची पृष्ठतेजस्विता दर चौरस विकलेला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) २४ प्रत आहे आणि शहराच्या उजळलेल्या आकाशाची १८. फरक ६ प्रतींचा, म्हणजे २५१ पट. तेजोमेघ आकाशाच्या उजेडाच्या जेमतेम ०.४ टक्के. आता फ्लॅटमध्ये एक टक्क्याची चूक राहिली तर ती चूक सगळ्या उजेडाला लागते, आणि तेजोमेघापेक्षा अडीचपट मोठा खोटा डाग तयार होतो. २२ प्रतीच्या नैसर्गिक अंधाऱ्या आकाशाखाली तोच तेजोमेघ आकाशाच्या १६ टक्के भरतो, तिथे एक टक्का खपून जातो. म्हणून अंधाऱ्या जागी जाणाऱ्यापेक्षा शहरातल्या माणसाला फ्लॅट जास्त काटेकोर लागतो. आकाशातला हा उजेड कमी असावा म्हणून आपण अमावस्येची वाट पाहतो. अमावस्येच्या रात्री बाहेर पडू नये असं अजूनही घराघरांत मुलांना सांगितलं जातं. त्या रात्री चंद्र नसतो, एवढंच वेगळं असतं. मुलांना घेऊन गच्चीवर जायला याहून चांगली रात्र नाही.

आता ‘एकसारखा प्रकाश’. लोक दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा सुती कपडा ताणतात आणि एकेका सुरकुतीची काळजी करतात. दुर्बीण अनंतावर फोकस केलेली असते, कपडा मात्र तिच्या तोंडावरच असतो, म्हणजे पार फोकसबाहेर. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल आकाशातल्या एकेका दिशेकडे बघतो, पण बघताना दुर्बिणीचं जवळजवळ संपूर्ण तोंड वापरतो. त्यामुळे कपड्यावरच्या सुरकुतीने सगळेच पिक्सेल सारख्याच प्रमाणात अंधारतात, आणि सगळ्यांना सारखी लागलेली घट भागाकारात नाहीशी होते. कपडा वेगवेगळ्या दिशांना सारखा प्रकाश देतो ना, हे खरं बघायचं. दुर्बिणीला दिसणाऱ्या एक-दोन अंशांच्या क्षेत्रात चांगला विसारक, म्हणजे प्रकाश सगळीकडे पसरवणारा पडदा, ही अट सहज पाळतो. कॅमेऱ्याच्या रुंद कोनाच्या लेन्सला मात्र ही सवलत नाही.

एकसारखेपणाचा प्रश्न असा बराचसा सुटतो. उरतो तो स्थिरतेचा, आणि खरी मेख तिथेच आहे.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. साध्या चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते, कारण विद्युतप्रवाह दोन्ही दिशांनी वाहताना एकेकदा शिखर गाठतो. स्वस्त ड्रायव्हर असलेले एलईडी पॅनेलही तसंच करतात. डोळ्याला हे कळत नाही, सेन्सरला कळतं. आज खगोलछायाचित्रणात वापरले जाणारे बहुतेक सीमॉस कॅमेरे रोलिंग शटरचे असतात. त्यांच्यात सगळ्या ओळी एकाच क्षणी उघडत नाहीत, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीनंतर किंचित उशिरा सुरू होते. एक्सपोजर सगळ्या ओळींना सारखंच मिळतं, पण लुकलुकीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर. एका ओळीच्या वाट्याला तीन शिखरं येतात, दुसरीच्या वाट्याला साडेतीन. फोटोत आडवे पट्टे उमटतात. ते किती? सेन्सर वाचायला लागणारा वेळ गुणिले लुकलुकीची वारंवारता. सगळ्या ओळी वाचायला एक विसांश सेकंद लागत असेल, तर १०० हर्ट्झच्या दिव्याखाली पाच पट्टे.

पट्टे किती गडद असतील याचाही हिशेब करता येतो. लुकलुक साइन तरंगासारखी धरली तर जास्तीत जास्त चूक अशी: दिव्याच्या चढउताराचं प्रमाण भागिले (३.१४ × एक्सपोजरमध्ये मावलेल्या लुकलुकींची संख्या). दिवा सरासरीच्या ३० टक्के वरखाली होतो असं धरू. एक्सपोजर १/३० सेकंद ठेवलं तर त्यात ३.३ लुकलुकी मावतात. चूक २.९ टक्के, म्हणजे आपल्या ०.४ टक्क्यांच्या तेजोमेघाच्या सात पट. तोच दिवा, तोच कॅमेरा, पण एक्सपोजर २ सेकंद: २०० लुकलुकी, चूक ०.०५ टक्के. तेजोमेघ वाचला. एक्सपोजर दहा मिलिसेकंदांच्या अचूक पटीत ठेवलं तर कागदावर चूक शून्य होते, पण विजेची वारंवारता सतत थोडी वरखाली होत राहते, त्यामुळे त्यावर विसंबू नये.

आता सापळा बघा. पॅनेल फार तेज असतं, म्हणून एक्सपोजर १/३० किंवा त्याहूनही कमी होतं. मग माणूस पॅनेलचं बटण दाबून उजेड कमी करतो. बऱ्याच पॅनेलमध्ये उजेड कमी करण्याची पद्धत पीडब्ल्यूएम असते: एलईडी पूर्ण पेटवायचा, पूर्ण विझवायचा, आणि विझलेला वेळ वाढवायचा. म्हणजे चढउतार ३० टक्क्यांचा राहत नाही, दिवा सरळ विझतोच. उजेड जितका कमी कराल तितकी लुकलुक वाईट.

यावरचा उपाय सीताबर्डीतल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. ट्रेसिंग पॅड, म्हणजे चित्र गिरवायची एलईडीची उजळ पाटी, यूएसबी पॉवर बँकेवर लावा, त्याचा उजेड पूर्ण ठेवा, आणि त्यावर दुधी अॅक्रिलिकचा तुकडा व साध्या पांढऱ्या कागदाचे थर घालत जा. एक्सपोजर २-३ सेकंदांवर आलं की थांबा. हिस्टोग्रामचा, म्हणजे किती पिक्सेल किती उजळ आहेत ते दाखवणाऱ्या आलेखाचा डोंगर मधोमध असावा, १६ बिटच्या कॅमेऱ्यात ३०,००० च्या आसपास. असे तीसेक फ्लॅट घ्या. एका पिक्सेलमध्ये २५,००० इलेक्ट्रॉन जमले तर फोटॉनांचा स्वाभाविक गोंधळ ०.६३ टक्के असतो, तीस फ्लॅटांच्या सरासरीत तो ०.१२ वर येतो.

पांढरा एलईडी ६५६ नॅनोमीटरच्या हायड्रोजन-अल्फा लाल रंगात मंदच असतो. फक्त तोच रंग आत सोडणारा फिल्टर असेल तर कागद काढून एक्सपोजर वाढवावं. प्रत्येक फिल्टरचे फ्लॅट वेगळे घ्यावे लागतात.

संधिप्रकाशातलं आकाश हा स्थिर आणि फुकटचा स्रोत आहे. सूर्य मावळल्यावर खमध्यापासून, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासून, किंचित पूर्वेकडे ते सर्वांत सपाट असतं. पण परदेशी पुस्तकांतलं वेळापत्रक इथे चालत नाही. नागपूर २१ अक्षांशावर, म्हणून मार्चमध्ये सूर्य तासाला १४ अंशांनी क्षितिजाखाली जातो, लंडनला ९ अंशांनी. आपल्याला मिळणारा वेळ त्यांच्या दोन तृतीयांश. तीन-चार फिल्टर असतील तर अंधार आधी येतो.

हल्ली ‘आमचं एआय सॉफ्टवेअर फ्लॅटशिवाय फोटो साफ करतं’ अशा जाहिराती दिसतात. सॉफ्टवेअर डाग बुजवतं हे खरं. पण त्या जागी मुळात किती प्रकाश होता हे त्याला ठाऊक नसतं, ते शेजारच्या पिक्सेलवरून अंदाज बांधतं. मोजमाप आणि अंदाज यांना एकाच तराजूत घालणं मला मान्य नाही.

आपला दिवा खरा किती चांगला आहे, हे घरीच तपासता येतं. फ्लॅटांचा एक संच काढा, दुर्बीण आणि कॅमेऱ्याला हात न लावता पॅनेल ९० अंशांनी फिरवा आणि दुसरा संच काढा. दोन सरासऱ्यांचा एकमेकींनी भागाकार करा आणि चित्राचा कॉन्ट्रास्ट भरपूर ताणा. धूळ आणि कोपऱ्यांचा अंधार दोन्हींत सारखाच असल्याने निघून जाईल. नुसता बारीक गोंधळ उरला तर पॅनेल उत्तम. एका बाजूकडून दुसरीकडे चढत जाणारी छटा उरली तर पॅनेल सगळ्या दिशांना सारखा प्रकाश देत नाही. सेन्सरच्या ओळींना समांतर पट्टे उरले, तर आणखी एक कागद घाला आणि एक्सपोजर वाढवून पुन्हा बघा.