कॉन मॅन

कॉन मॅन : गोड बोलून आधी विश्वास संपादन करणाऱ्या आणि मग पैसा किंवा किमती वस्तू उपटणाऱ्या ठकासाठी इंग्रजीत रूढ झालेला शब्द. ‘कॉन्फिडन्स मॅन’ हे त्याचे मूळ रूप. चोर न सांगता नेतो, लुटारू धाकाने नेतो. कॉन मॅनला मात्र गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने देते.

शब्दाची जन्मकथा १८४९ सालच्या न्यूयॉर्कमधली आहे. विल्यम थॉम्पसन नावाचा टापटीप पोशाखातला इसम रस्त्यात एखाद्या अनोळखी गृहस्थाला गाठून जुनी ओळख असल्यासारखा गप्पा मारू लागे. मग विचारी, ‘उद्यापर्यंत तुमचे घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास आहे का तुमचा माझ्यावर?’ नाही म्हणणे असभ्य दिसेल या संकोचाने समोरचा घड्याळ काढून देई. सगळी मेख या संकोचातच होती. थॉमस मॅक्डोनल्ड यांनी असेच ११० डॉलरचे सोन्याचे घड्याळ मे महिन्यात गमावले. जुलैमध्ये तोच इसम लिबर्टी स्ट्रीटवर दिसताच त्यांनी त्याला पोलिसाकरवी पकडवले. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ने अटकेची बातमी देताना त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटले आणि नाव सर्वतोमुखी झाले.

काही दिवसांतच याच पत्राने वॉल स्ट्रीटवरील धनाढ्यांना ‘मोठ्या प्रमाणावरचे कॉन्फिडन्स मॅन’ ठरवले. थॉम्पसनची चूक एवढीच, की त्याने घड्याळांवर समाधान मानले. रेल्वे कंपनी काढली असती तर तुरुंगाऐवजी हवेलीत राहिला असता, असा त्या लेखाचा रोख होता. शब्द जन्मतःच असा दुधारी निघाला. त्याच महिन्यात या प्रकरणावर न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर प्रहसनही आले. हर्मन मेलव्हिल यांची ‘द कॉन्फिडन्स-मॅन’ ही कादंबरी १ एप्रिल १८५७ रोजी प्रसिद्ध झाली. तिचे कथानकही १ एप्रिललाच, मिसिसिपी नदीवरील आगबोटीत घडते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘कॉन’ हे आखूड रूप रुळले. पुढे ते ‘फसवणे’ या अर्थी क्रियापद म्हणूनही वापरात आले. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड मॉरर यांनी ‘द बिग कॉन’ (१९४०) या ग्रंथात या धंद्याची परिभाषा नोंदवली. तीत सावजाला ‘मार्क’ आणि त्याला हेरून आणणाऱ्याला ‘रोपर’ म्हणतात. मराठी वृत्तपत्रांतले ‘ठकसेन’ आणि ‘भामटा’ हे शब्द याच्या जवळ जातात. ‘तोतया’ मात्र वेगळा : तो दुसऱ्याचे नाव धारण करतो. कैद्याला इंग्रजी बोलीत म्हणतात तो ‘कॉन’ आणखी निराळा. तो ‘कन्व्हिक्ट’चा संक्षेप आहे.