मुंबई ते दुबई: अंतर वेगळं, वेळ वेगळी

खेड, चिपळूण, मंडणगडकडच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आखातात असतं. तरी तिकीट हातात आलं की तोच घोळ होतो. समजा, तिकिटावर मुंबई 04:20 आणि दुबई 06:05 असं छापलंय. लगेच हिशोब निघतो, पावणेदोन तास. प्रवास खरा सव्वातीन तासांचा असतो. सुटण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची आणि पोचण्याची दुबईच्या, आणि दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. परतीला उलटा चकवा. तिथून रात्री 10 ला निघून इकडे अडीचला उतरलात, तर साडेचार तास वाटतात, पण होतात तीनच. कुवेतचा फरक अडीच तासांचा. लंडनचा तर हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार, कारण तिथे घड्याळंच पुढेमागे करतात.

आता अंतर. नेटवर मुंबई–दुबई साधारण 1,930 किलोमीटर दिसतं. पृथ्वीच्या गोल पाठीवरून दोन विमानतळांना जोडणारी सगळ्यांत आखूड रेघ, तिची ही लांबी. दाभोळहून धोपावे समोर दिसतं, फेरीबोटीने काही मिनिटांत पोचता येतं, पण बोट चुकली तर खाडीला केवढा वळसा! आकाशातही तसे वळसे असतात. विमानाला ठरलेल्या हवाई मार्गांनी जावं लागतं आणि कुणी आपलं आकाश बंद केलं की बाजूने. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना वाट बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांचे तास वाढले. दिल्ली–लंडन अंतर मात्र होतं तेवढंच राहिलं.

वाट तीच असली तरी जायला आणि यायला सारखा वेळ लागत नाही. याचं कारण वारा. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो, ताशी 850 किलोमीटर धरा. हिवाळ्यात त्या उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. तो ताशी 100 असला तर जाताना हाती उरतात 750, येताना मिळतात 950. म्हणजे जायला दोन तास चौतीस मिनिटं आणि यायला दोन तास दोन मिनिटं, नुसत्या उडण्याची. म्हणून अंतराला वेगाने भागून काढलेल्या वेळेवर विसंबू नये.

तिकिटावरचा कालावधी याहून जास्त असतो, कारण तो विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि पलीकडे जागेवर उभं राहिलं की संपतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. रांगेत थांबणं आणि वर घिरट्या घालणं यांचा वेळही त्यात धरलेला असतो.

घरातून निघायचा हिशोब यात कुठेच नसतो. चिपळूण ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत, गाडीने अडीचशेच्या घरात, आणि महामार्गाची अवस्था आपण जाणतोच. पहाटे 04:20 चं विमान असेल आणि तीन तास आधी पोचायचं असेल, तर आदल्या दिवशी दुपारीच निघावं. संध्याकाळवर ठेवू नये.

सोबत इन्सुलिन घेणारी आई किंवा सासरे असतील तर दोन डोसांमधलं अंतर खऱ्या तासांनी मोजा, उतरल्यावर भिंतीवरचं घड्याळ बघून नव्हे, आणि वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. परतीला आणायला येणाऱ्या गाडीवाल्याला उतरण्याची वेळ तारखेसकट कळवा: 14 ला रात्री 10 ला निघालेलं विमान मुंबईत 15 तारखेला उतरतं.