सोनेरी ड्रिल आणि एसएसचं भोक

हार्डवेअरच्या दुकानात ड्रिलचा ट्रे काउंटरवर आला की पांढरी, काळी, सोनेरी, जांभळट काळी अशी सगळी रांगेत दिसतात. स्टेनलेस स्टीलला, म्हणजे एसएसला भोक पाडायचं असेल तर बोट बहुतेक वेळा सोनेरीवर जातं. अडचण अशी की सोनेरी दिसणारी ड्रिल दोन वेगळ्या जातींची असतात आणि दोघींच्या सोनेरीपणाचं कारण वेगळं आहे.

पहिल्या जातीवर टायटॅनियम नायट्राइडचा थर असतो. त्याच्या TiN या सूत्रावरून कारखान्यात त्याला सरळ 'टिन कोटिंग' म्हणतात. पितळेसारखा झळाळता पिवळा रंग, जाडी जेमतेम २ ते ४ मायक्रॉन. आतलं पोलाद चांगलं असेल किंवा अगदी सुमारही असेल, बाहेरून कळत नाही. दुसरी जात कोबाल्टच्या ड्रिलची. तिच्यावर कोटिंग नसतंच. शेवटी थोडं तापवून पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा आणलेला असतो, रंग मळकट, कांस्यासारखा. 'कोबाल्ट कोटेड द्या' असं सर्रास मागितलं जातं, पण कोबाल्ट पोलाद ओततानाच त्यात मिसळलेला असतो. म्हणून हे ड्रिल कितीही वेळा ग्राइंडरवर धरा, नवी धार तितकीच दमदार निघते. खात्री करायची तर रंग सोडा आणि शँकवरची, म्हणजे मशीनमध्ये पकडल्या जाणाऱ्या मागच्या दांड्यावरची अक्षरं वाचा. 'एचएसएस-ई', 'सीओ ५' किंवा 'एम ३५' म्हणजे ५ टक्के कोबाल्ट. 'एम ४२' म्हणजे ८ टक्के. नुसतं 'एचएसएस' असेल तर साधं हायस्पीड स्टील. काहीच कोरलेलं नसेल तर ते ड्रिल लाकडासाठी ठेवावं.

कोबाल्ट लागतो कशाला, हे उष्णतेवरून कळतं. साध्या कार्बन स्टीलचं ड्रिल २०० ते २५० अंश सेल्सियसच्या पुढे नरम पडायला लागतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी विकसित केलेलं नवं टूल स्टील दाखवलं गेलं, तेव्हा टूलचं टोक तापून लाल झालं होतं तरी ते पोलाद कापत होतं. त्याच वंशातलं आजचं सर्वांत चालणारं हायस्पीड स्टील म्हणजे एम २: सुमारे ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मोलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम, २ टक्के व्हॅनेडियम. हार्डनिंगनंतर, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केल्यावर, त्याला ५५० अंशांच्या आसपास पुन्हा तापवतात. त्या वेळी या धातूंच्या कार्बाइडचे, म्हणजे कार्बनशी झालेल्या संयुगांचे, अतिसूक्ष्म कण आत तयार होतात आणि पोलाद साधारण ६०० अंशांपर्यंत कडक राहतं. कोबाल्ट स्वतः कार्बाइड बनवत नाही. तो लोखंडात विरघळून राहतो आणि हे नरम पडणं आणखी पुढे ढकलतो.

ड्रिल निळं पडलं म्हणजे मेलं, ही समजूत कार्बन स्टीलच्या काळातली. निळा रंग ३०० अंशांच्या आसपास येतो आणि एचएसएस त्याच्या कितीतरी वर भाजून निघालेलं असतं. खरा घात होतो तो धार लावताना लालबुंद झालेलं टोक पाण्यात बुडवल्यावर. डोळ्यांना न दिसणारे तडे जातात आणि पुढच्याच भोकात धारेचा तुकडा उडतो.

आता एसएसकडे वळू, कारण ड्रिल जळतात ती मुख्यतः इथेच. ३०४ ग्रेडच्या एसएसमधून उष्णता फार हळू वाहते: माइल्ड स्टीलच्या (साध्या, कमी कार्बनच्या पोलादाच्या) जवळजवळ एकतृतीयांश, ॲल्युमिनियमच्या तर दहा-बारा पटींनी कमी. जॉब, म्हणजे ज्याला भोक पाडायचं तो तुकडा, उष्णता ओढून घेत नाही, ती ड्रिलच्या टोकाशीच साठते. त्यात या धातूची दुसरी खोड: दाबला, घासला की तो तिथल्या तिथे कडक होतो. धार कापायची थांबून नुसती घासू लागली की तळाशी आरशासारखं चकचकीत कडं तयार होतं आणि मशीन किंचाळायला लागतं. त्या कड्याची कठीणता मूळ धातूच्या दुपटीच्या आसपास जाऊ शकते. मग लोक स्पीड वाढवतात आणि उरलंसुरलं ड्रिलही जातं.

स्पीडचा हिशेब तोंडी करता येतो. माइल्ड स्टीलला एचएसएस ड्रिलसाठी मिनिटाला २५ मीटर कापण्याचा वेग धरला तर ८००० भागिले ड्रिलचा व्यास मिलिमीटरमध्ये, इतके फेरे मिनिटाला. एसएसला मिनिटाला १० मीटर, म्हणून ३२०० भागिले व्यास. १० मिमी ड्रिल एसएसमध्ये ३२० फेऱ्यांवर चालवायचं. साधी हँड ड्रिल मशीन २६०० फेऱ्यांची असते. तिच्यात ६ मिमी ड्रिल लावून ट्रिगर पूर्ण दाबला तर कापण्याचा वेग ४९ मीटर होतो, म्हणजे हवा त्याच्या पाचपट. मग ड्रिल सोनेरी असो की चंदेरी, धार टिकणार नाही.

वेग कमी, पण दाब मात्र सलग हवा. १० मिमी ड्रिलला दर फेऱ्याला ०.१५ मिमी फीड (ड्रिल आत सरकण्याचं माप) म्हणजे मिनिटाला ४८ मिमी. १२ मिमीची प्लेट, वर टोकाचे ३ मिमी धरून, विसेक सेकंदांत पार व्हायला हवी. ड्रिल एकाच जागी गोल फिरत बसलं की तळ कडक झालाच. भोकाच्या जागी खळगा पाडणारा सेंटर पंचही हलका मारावा. जोरात ठोकला तर पंचाखालचाच धातू कडक होतो. भोक पाडताना 'नीट', म्हणजे पाणी न मिसळलेलं, कटिंग ऑइल घाला, नुसतं पाणी नको. चिप, म्हणजे निघणारी धातूची साल, सलग, पिळदार आणि फिकट पिवळी येत असेल तर काम ठीक चाललंय. बारीक भुगा येऊ लागला की धार गेली.

टोकाचा कोनही पाहा. ११८ अंश हा सर्वसाधारण कामाचा. एसएस आणि कडक पोलादासाठी १३५ अंशांचं स्प्लिट पॉइंट घ्यावं. साध्या ड्रिलच्या मधोमध जी आडवी छिन्नीसारखी कड असते ती कापत नाही, धातू बाजूला रेटते, आणि दाबाचा निम्म्याच्या आसपास हिस्सा खाते. स्प्लिट पॉइंटमध्ये ती कड घासून बारीक केलेली असते, त्यामुळे ड्रिल सरकत नाही आणि कमी जोरात घुसतं. पैसे मोजकेच असतील तर कोटिंगच्या आधी या कोनावर खर्च करावा.

कोटिंग निरुपयोगी नाही, पण ते चांगल्या पोलादावर आणि योग्य वेगातच कमाई करतं. एचएसएसवर ते निर्वात भट्टीत साधारण ४५० अंशांवर चढवतात, कारण त्याहून फार वर गेलं तर ड्रिल स्वतःच नरम पडेल. टिन कोटिंगमुळे घर्षण घटतं, चिप चिकटत नाही. ५०० ते ६०० अंशांच्या टप्प्यात मात्र ते हवेशी संयोग पावून खराब व्हायला लागतं. त्याच्याहून कठीण, निळसर करड्या रंगाचं टायटॅनियम कार्बोनायट्राइड ४०० अंशांतच थकतं. जांभळट काळं टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइड सुमारे ८०० अंशांपर्यंत टिकतं, कारण तापल्यावर त्याच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचं कवच धरतं. म्हणजे त्याला उष्णता लागतेच. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर वेगात धावणाऱ्या कार्बाइड ड्रिलला ते शोभतं. बेंच ड्रिलवर तेल घालत संथ चालणाऱ्या एचएसएसला त्याचा फारसा फायदा नाही, किंमत मात्र लागते.

आणि तेच काळं ड्रिल ॲल्युमिनियमला वापरलं तर उलटंच घडतं. कोटिंगमधलं ॲल्युमिनियम आणि जॉबमधलं ॲल्युमिनियम एकमेकांना धरतात, धारेवर गाठ बसते, खोबण्या भरून येतात. ॲल्युमिनियमला कोटिंग नसलेलं, पॉलिश खोबण्यांचं पांढरं ड्रिल आणि थोडं रॉकेल उत्तम. स्वस्तातली काळी ड्रिल ही तिसरीच गोष्ट. त्यांच्यावर वाफेने आणलेला लोखंडाच्या ऑक्साइडचा थर असतो, जो तेल धरून ठेवतो. माइल्ड स्टीलला ती अगदी ठीक.

पितळेचं दुखणं निराळं. तिथे ड्रिल बोथट नसतं, नको तितकं धारदार असतं. ते धातूत एकदम घुसतं आणि जॉब हातातून हिसकावून फिरवतं. धारेची पुढची कड ऑइलस्टोनने अगदी थोडी सपाट करावी आणि जॉब व्हाइसमध्ये घट्ट पकडावा.

कास्ट आयर्न कोरडंच चालतं, कारण त्यातलं ग्रॅफाइटच वंगणाचं काम करतं. पण साच्याची वाळू चिकटलेली वरची कातडी धार खाऊन टाकते. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगवर दिवसभर भोकं मारायची असतील तर सॉलिड कार्बाइड परवडतं.

सॉलिड कार्बाइड म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधलेले. पोलादाच्या जवळजवळ तिप्पट ताठ, पण वाकणं त्याला ठाऊक नाही. चकमध्ये (ड्रिल पकडणाऱ्या जबड्यात) ड्रिल ०.०२ मिमीपेक्षा जास्त डुगडुगलं तर त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. हँड ड्रिलमध्ये तर ते मोडणारच. भिंतीच्या ड्रिलला टोकाशी कार्बाइडचा तुकडा असतो म्हणून ते एसएसवर चालवणारेही असतात. त्या तुकड्याला काँक्रीट फोडण्यासाठी मुद्दाम बोथट कोन दिलेला असतो. धातूवर तो फक्त घासतो, आणि एसएसवर घासलं की काय होतं ते वर आलंच आहे.

एम ४२ हे एम ३५ हून कडक, पण तितकंच ठिसूळही. हाताने भोकं पाडणाऱ्याने एम ३५ च घ्यावं. आणि कोटेड ड्रिलला पुन्हा धार लावली तर टोकावरचं कोटिंग जातं, खोबणीतलं राहतं. चिप खोबणीतूनच सरकत असल्यामुळे थोडा फायदा शिल्लक उरतो. तेवढ्यासाठी ड्रिल फेकू नये.

छोट्या वर्कशॉपला १ ते १० मिमीचा, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने चढणारा १९ नगांचा साध्या एचएसएसचा सेट पुरतो. कोबाल्टची ड्रिल फक्त नेहमी लागणाऱ्या टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) मापांत घ्यावीत. इथला 'एम' पोलादाचा नाही, आट्याच्या मापाचा: एम ५ ला ४.२, एम ६ ला ५, एम ८ ला ६.८ आणि एम १० ला ८.५ मिमी. लहान मापं मोडतात जास्त, तेव्हा ४.२ आणि ५ ची दोन-दोन घेऊन ठेवावीत.