गाळ : नांदूर मध्यमेश्वरच्या चिखलपक्ष्यांची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला, गोदावरी-कादवा संगमाजवळचा दगडी बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला गेला, तो कालव्यांत पाणी वळवण्यासाठी. पक्षी तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हते. नद्यांनी आणलेला गाळ मागे साचत गेला, पात्र उथळ झाले, मध्ये बेटे उठली आणि काठ इतके सपाट झाले की पाणी वीतभर उतरले तरी दूरवर चिखल उघडा पडतो. तुतारी, चिखल्या, टिलवा, मालगुजा हे चिखलपक्षी उत्तरेकडून येऊन थांबतात ते या चिखलातल्या अळ्या आणि किड्यांसाठी.

1986 मध्ये सुमारे 100 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. जानेवारी 2020 मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून घोषणा झाली ती 1,437 हेक्टरची, म्हणजे साडेचौदा चौरस किलोमीटरपेक्षाही कमी. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरले की गोंधळ होतो.

खरा वाद मात्र ‘गाळ’ या एका शब्दाभोवती आहे. ऑगस्ट 2019 मध्ये गोदाकाठच्या चांदोरी आणि सायखेडा या गावांत पुराचे पाणी शिरले. बंधाऱ्यामागे साचलेला गाळ पूर मागे ढकलतो, तो काढा, अशी काठच्या गावांची मागणी आहे. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांचे म्हणणे कुणी हलक्यात घेऊ नये. पण गाळ म्हणजे सरसकट घाण नव्हे. पंचवीस ग्रॅमच्या आसपास वजनाचा टिलवा बोटभर पाण्यापलीकडे जाऊ शकत नाही. लांब पायांचा मालगुजाही पोटापर्यंतच्या पाण्यातच चोच खुपसतो. काठ खोदून सरळ उभे केले तर जलाशय भरलेला दिसेल, बदके राहतील, हे पक्षी जातील. माझ्या मते मुख्य धार मोकळी करणे आणि उथळ काठ उकरणे ही दोन वेगळी कामे आहेत. चर्चेत ती एकच धरली जातात.

‘धरण भरले की पक्षी आले’ हा समजही इथे उलटा पडतो. हिरवी तुतारी ऐन पावसाळ्यात, ऑगस्टमध्येच पोचते. तेव्हा बंधाऱ्यावर तिला उभे राहायला जागा नसते, म्हणून शेतातली डबकी, रस्त्याकडेचे चर आणि गावतळ्यांचे काठ पाहावेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पूर ओसरला की टिलवे आणि चिखल्या काठांवर उतरतात. थंडीत कालव्यांना आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक पाळीचे पाणी, सुटल्यावर बंधाऱ्यातली पातळी खाली जाते. ते दिवस धरून पहाटे चापडगाव किंवा खानगाव थडीच्या बाजूला जावे. निफाडमधल्या शेतकऱ्याला आवर्तनाच्या तारखा माहीत असतात. पक्षी बघायला निघण्याआधी त्यालाच विचारावे.

गंगापूर, पालखेड यांसारख्या धरणांच्या फुगवट्याचे काठ मार्च-एप्रिलमध्ये उघडे पडू लागतात. परतीच्या वाटेवरचे टिलवे तेव्हा तांबूस रंगावर येत असतात. मेच्या मध्यापर्यंत बहुतेक निघून गेलेले असतात आणि चिखलावर टिटव्या नि शेकाटे उरतात.