ट्रान्सम सुटलाय की सडलाय, आधी ते बघा

जुन्या फायबर बोटीची मागची फळी, जिथं आउटबोर्ड इंजिन अडकवतात तो ट्रान्सम, तिथं भेग दिसली की जो तो एकच सांगतो, फायबर सुटलं, रेझीन मारून घ्या. पण फायबर सुटणं वेगळं आणि आतलं लाकूड सडणं वेगळं, बाहेरून दोन्ही सेम दिसतं, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला केला तर पैसे जातातच, वर भर धरणात इंजिनासकट फळी निघायची भीती.

ट्रान्सम म्हणजे बाहेर फायबर, आत फायबर आणि मधे प्लायवूड, छोट्या बोटींत बहुतेक दीड इंचाच्या आसपास. सुटला म्हणजे फायबर आणि प्लायची पकड गेली, पण प्लाय अजून कडक आहे. सडला म्हणजे बोल्टच्या नाहीतर ड्रेनच्या, म्हणजे बोटीतलं पाणी काढायच्या, भोकातून वर्षानुवर्षं पाणी मुरलं आणि प्लायच संपला.

हातोडीच्या दांड्यानं ठोकलं तर दोन्हीत पोकळ आवाज येतो, म्हणजे ठोकून कुठवर पसरलंय ते कळतं, काय झालंय ते नाही. त्यासाठी भोकच पाडावं लागतं. एप्रिलात चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर, हतनूरच्या बॅकवॉटरला एका आबांची बोट बघायला गेलो होतो. "भाऊ, इंजिन लावलं का फळी हालू राह्यली." आतल्या बाजूनं ५ मिमीचं बिट लावलं, बाहेरचं फायबर फुटू नये म्हणून बिटाला टेप गुंडाळून खूण केली. वरच्या भोकातून पांढरट कोरडा भुसा आला, बरं वाटलं. खाली ड्रेनजवळ मात्र बिट जोर न लावताच आत गेलं आणि चहाच्या चोथ्यासारखं काळं ओलं बाहेर आलं, कुबट वास. त्याच्यावर आधी कुणीतरी मॅटचे, म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांच्या चटईचे, दोन थर मारून दिलेले, थर मजबूत होते हो, पण पाणी आतच कोंडलं. आबा नुसते त्या चोथ्याकडे बघत बसले, दोन सीझनची कमाई लावली होती त्यांनी त्यात.

नुसता सुटला असेल तर काम सोपं. भोकं पाडून पूर्ण सुकू द्यायचं, मग जरा घट्ट केलेलं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून कडक होणारं रेझीन, सिरिंजनं खालच्या भोकापासून भरत जायचं, वरच्यातून बाहेर यायला लागलं की प्लास्टिक मधे घालून दोन्हीकडून फळ्या लावून क्लॅम्प कसायचे. सडलेल्यात हे करूच नका, इपॉक्सी चोथ्याला चिकटून काय उपयोग. तिथं आतलं फायबर कडेला दोन-तीन इंच पट्टी ठेवून कापायचं, प्लाय खरवडून कोरडं फायबर लागेपर्यंत काढायचं आणि नवीन मरीन प्लाय बसवायचा. शिक्का आयएस ७१० चाच बघा, तोच मरीन प्लायचा, दुकानदार साधा ३०३ वाला पुढं करतो. परत फायबर चढवताना जुनी कड उतरती घासायची, जाडीच्या बारापट, म्हणजे ५ मिमी जाडीला ६० मिमी उतार. मास्क लावा, ती काचेची धूळ आहे.

पॉलिएस्टर रेझीन स्वस्त पडतं, पण जुन्या फायबरला आणि लाकडाला इपॉक्सीचीच पकड चांगली, म्हणून दुरुस्तीला मी तेच वापरतो. फक्त त्याच्यासोबत साधी मॅट नको, विणलेलं कापड घ्या, कारण मॅटचे धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननं विरघळतो, इपॉक्सीत नाही. पॉलिएस्टरच वापरणार असाल तर ते कडक करायला त्यात घालतात ते कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, स्फोट होतो.

आपल्याकडचं ऊन इथं दोन्हीकडून लागू पडतं. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असतं, बोट काठावर, उघडलेला ट्रान्सम झकास वाळतो, तेवढ्यासाठी जळगावचा मे चांगला. पण त्याच उन्हात डब्यात कालवलेलं इपॉक्सी बघता बघता तापून धुरावतं, म्हणून आम्ही पहाटे सहाला, थोडं थोडं, पसरट ट्रेमध्ये कालवलं आणि नऊला थांबलो.

शेवटी इंजिनाच्या बोल्टची भोकं. ती आधी मोठी पाडायची, इपॉक्सीनं पूर्ण भरायची, आणि कडक झाल्यावर त्याच्या मधून बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं, म्हणजे बोल्टभोवती लाकूड उघडं राहतच नाही. आबांच्या बोटीची चारही तशीच केली, ड्रेनचंसुद्धा.